सैल लावलेलं ठिगळ

सोमवार

पोचले एकदाची नातीच्या घरी. प्रवास कसा झाला कोण जाणे. बहुतेक घोरतच आले असणार, कारण आठवतं ते थेट चौथ्या मजल्यावरचं दार. बेल वाजवायला हात उचलला तेवढ्यात आतून ठमीचा आवाज आला, लागलं एकदाचं! मग दार उघडलं. ठमी माझ्याकडे बघत क्षणभर अशी उभी राहिली, जणू काहीतरी आणायला आतल्या खोलीत गेली आणि काय आणायचं तेच विसरली. मग एकदम हसली आणि आज्जी ग, म्हणत गळ्यात पडली. मी म्हटलं, पुरे, हाडं जुनी आहेत, मोडली तर भरून देणार आहेस का.

ठमी माझ्या लेकीची लेक. नातजावई बोटीवर इंजिन सांभाळतो, घरी येतो पाहुण्यासारखा. पणती पिंगी अजून शाळेत जात नाही, पण जीभ अशी की वकिलाला घरी बसवील. तिच्या काखेत कायम चिंध्यांची बाहुली. बाहुलीचा एक डोळा बटणाचा, दुसरा गेलेला.

घर चांगलं आहे. उजेड भरपूर, नळाला पाणी, स्वयंपाकघर आटोपशीर. मजल्यावर तीन दारं, मधल्या दारात शिंपीण राहते. तिचं मशीन दिवसभर खडखडत असतं. मला आवडलं. घरात माणूस आहे हे कळावं तर असा आवाज हवा.

मला छोटी खोली दिली आहे. पलंग आखूड आहे, पाय बाहेर लोंबतात. ठमी म्हणाली, घेताना माप चुकलं असेल. मी म्हटलं, तुझ्या आज्ज्यानं मला बघितलं तेव्हाही माप चुकलंच होतं, संसार झालाच की. पिंगी मात्र दारात उभी राहून म्हणाली, ही ताईची खोली आहे. ठमी हसली. म्हणे हल्ली हिला मनातली एक ताई झाली आहे, पोरांचं असतं तसं. पिंगीनं मला विचारलं, तू कधी जाणार. मी म्हटलं, तुझं लग्न लावून जाईन. तोंड एवढंसं झालं पोरीचं.

ही रोजनिशी औषधवाल्यानं ठमीला फुकट दिली होती. फुकटचं वाया घालवू नये म्हणून लिहिते. चौथीत मास्तरांनी माझ्यापुढे हात टेकले, पण तोवर अक्षरं शिकून झाली होती.

मंगळवार

ठमी दिवसभर घरातच खुर्चीला चिकटून काम करते. काय काम, म्हणून विचारलं. आधी म्हणाली, आज्जी, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, तुला मुतायला जाते म्हणून सांगता येत नव्हतं तेव्हाही मला कळायचं. मग सांगितलं.

जगभरची माणसं कॉम्प्युटरनं काय करायचं त्याच्या सूचना लिहितात आणि फुकट वाटतात. त्या सगळ्या एका कोठारात ठेवतात. एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणतात. लिहिणाऱ्यांना ठमी वरचे म्हणते. ते नवी आवृत्ती पाठवतात आणि ठमी ती कोठारात नीट लावते. वरच्यांनी काही चुकीचं लिहिलेलं असलं तर ठमी त्यांचं कापड फाडत नाही, वरून ठिगळ लावते. त्याला म्हणतात पॅच. एक छोटी फाइल असते. कुठली ओळ काढायची तिच्यापुढे वजा, कुठली घालायची तिच्यापुढे अधिक. काढायची लाल दिसते, घालायची हिरवी. ठिगळं एकावर एक क्रमानं लावायची.

मी विचारलं, एवढ्या ओळींच्या रानात ठिगळाला आपली जागा कशी सापडते. ठमी खूश झाली. म्हणाली, शेजारावरून. ठिगळात वरच्या दोनतीन आणि खालच्या दोनतीन ओळीही लिहिलेल्या असतात. असा शेजार जिथे दिसेल तिथे मधलं काढायचं आणि नवं घालायचं. वरच्यांनी शेजार बदलला तर ठिगळ लागत नाही, मशीन बोंबलतं. मग जागा शोधून नव्या शेजाराप्रमाणे ठिगळ लिहायचं. त्याला रिफ्रेश करणं म्हणतात. नाहीतर मशीनला सांगायचं, सैल लाव. मग ते साधारण सारखा शेजार दिसला तरी लावून टाकतं.

सैल लावलेलं मला पटलं नाही. पिंगीच्या झग्याला मी गुडघ्याशी ठिगळ लावते तेव्हा कापड सैल सोडलं तर ते कुठेही ओढतं.

एका ठिगळानं म्हणे ठमीला महिनाभर छळलं. तिच्या आधी ही पॅकेजं सांभाळणाऱ्या दाढीवाल्यानं ते मागे ठेवलंय. ठमी त्याला गुरू मानते, सगळं शिकवलं म्हणे त्यानं. पण हे ठिगळ कशासाठी ते त्यानं लिहिलंच नाही. कारणाची जागा कोरी. आणि यांच्यात नियम असा की कारण कळल्याशिवाय जुनं ठिगळ काढायचं नाही. न जाणो, खाली केवढं भोक असेल. शेवटी काल सकाळी कंटाळून तिनं सैल लावलं. लागलं. कुठे लागलं ते बघितलंस का, म्हटलं. म्हणाली, मशीननं तक्रार केली नाही, आणि मी लगेच रिफ्रेश करून टाकलं.

म्हणजे चुकीच्या जागी बसलं असेल तर आता तीच त्याची जागा.

बुधवार

दिवस बरा गेला. शिंपिणीशी गप्पा झाल्या. बाई तोंडाळ आहे, माझं जमणार. पिंगीचा पिवळा झगा लहान करायला दिला, पोरीला ढगळ होतो. ती म्हणाली, आज्जी, हा तर मागच्या वर्षी मीच थोरलीसाठी शिवला होता. मी विचारलं, थोरली कोण. ती गोंधळली, कपाळावर हात मारला, म्हणाली, रोज इतकी पोरं येतात, डोकं फिरलंय.

स्वयंपाकघरात एक गंमत. फळीवर मिठाच्या आणि चहाच्या बरणीमध्ये निळ्या झाकणाची साखरेची बरणी होती. आज तिथे राखाडी बरणी. झाकणही राखाडी. हाताला कशी लागते ते सांगता येत नाही, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी. ठमीला विचारलं. म्हणाली, आज्जी, ही पहिल्यापासूनच आहे.

असेल. वय झालं. डोळ्यांवर भरवसा ठेवावा तर चष्मा सापडत नाही.

गुरुवार

आपली नजर एवढी काही गेलेली नाही. ती बरणी निळी होती.

शुक्रवार

सकाळी ठमी पुन्हा त्याच ठिगळाशी झगडत होती. वरचे लोक रोज नवी आवृत्ती पाठवताहेत, पुढच्या आठवड्यात सगळं जगभरच्या कॉम्प्युटरांत सोडायचं आहे. त्यामुळे ठिगळं रोज नव्यानं लावावी लागतात. दहाच्या सुमारास ती ओरडली, लागलं!

आणि मशीन थांबलं. ठमीचं नाही, शिंपिणीचं. खडखडाट मधेच तुटला.

जेवणानंतर झगा आणायला गेले. मधलं दार एका दुसऱ्याच बाईनं उघडलं. मी म्हटलं, शिंपीणबाई कुठे गेल्या. म्हणाली, इथे कुणी शिंपीण नाही, मीच राहते. आत मशीन नाही, सुईदोरा नाही, कापडाचा वास नाही. बाईचं तोंड कसं होतं ते आता लिहायला बसले तर काही आठवत नाही. नाक होतं, डोळे होते. पण सगळं धुऊन धुऊन रंग गेलेलं. साबणाची वडी. बरणीवर माझ्या हाताला जे लागलं होतं, तेच तोंड.

आणखी एक, जे मला मुळीच आवडलं नाही. तिनं माझ्याकडे ओळखीनं पाहिलं. माहेरचं माणूस परक्या गावात भेटावं तसं.

ठमीला सांगितलं. ती म्हणाली, अग त्या बाई आमच्या आधीपासून राहतात, फार शांत आहेत. पिवळा झगा? कुठला पिवळा झगा?

पिंगीनं माझा हात धरला. आल्यापासून पहिल्यांदा.

शनिवार

ठमीला म्हटलं, त्या दाढीवाल्याला विचार ना ते ठिगळ कशाचं. ती म्हणाली, कोण दाढीवाला. मी म्हटलं, तुझा गुरू, ज्यानं हे तुझ्या गळ्यात घातलं. ती म्हणाली, आज्जी, ही पॅकेजं सुरुवातीपासून माझ्याकडेच आहेत. मी स्वतःच शिकले.

तोंडावर जराही खोटेपणा नाही. खोटं बोललेली ठमी मला कळते, लहानपणापासून नाक खाजवते. नाक खाजवलं नाही.

रविवार

दुपारभर बसून विचार केला. मला त्यांच्या भाषेतलं काही येत नाही, पण शेजार कळतो. बरणी मिठाच्या आणि चहाच्या मधली. शिंपीण दोन दारांच्या मधली. ते जे काही आहे ते दोन बाजूंना बघतं आणि मधलं नेतं. नुसतं नेत नाही. राखाडी काहीतरी ठेवून जातं, म्हणजे कुणाला भोक दिसू नये.

आणि जेवायला आम्ही तिघी बसतो तेव्हा मधे कोण बसतं? पिंगीचा पलंग कुठे आहे? खिडकी आणि कपाट यांच्या मधे.



सोमवार

पिंगीचा पलंग मी ओढून दारापाशी आणला. कपाट फिरवलं. जेवताना तिला टोकाला बसवलं, बरण्यांची जागा बदलली. शेजारच मोडला की लागणार कुठे मेलं.

आणि खरंच, सकाळी ठमीचं मशीन बोंबललं. ठिगळ लागेना. मी मनात म्हटलं, आता कसं.

पण मी एक विसरले. ठमीचा हात कामाला वाईट नाही. तिनं चहाचा कप घेतला, मांडी ठोकून बसली, नवा शेजार शोधला आणि ठिगळ त्याप्रमाणे लिहून काढलं. दुपारी आनंदानं सांगायला आली, आज्जी, बसलं बघ! मी पलंग हलवते आणि ती बिचारी पोटच्या पोरीचा नवा पत्ता त्याला लिहून देते.

बाहुली गेली. पिंगीच्या उशाशी राखाडी गाठोडं आहे, डोळे नसलेलं. पिंगी त्याला हात लावत नाही.

मंगळवार

ठमीला सगळं सांगितलं. तिनं माझं कपाळ चाचपलं. डॉक्टरला फोन करते म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरला कर, पण ते ठिगळ काढून टाक. ती म्हणाली, कारण कळल्याशिवाय काढता येत नाही, आज्जी, तुला सांगितलं ना. परवा सगळं सोडायचं आहे, आता तर मुळीच नाही.

आज पलंग पुन्हा हलवला. भिंतीपाशी, मग खिडकीपाशी. पिंगीला कडेवर घेऊन घरभर फिरले. कंबर मोडली. खाली ठेवायची भीती वाटते, तिच्या दोन बाजूंना काहीतरी येईल म्हणून.

बुधवार

लागलं. अर्धं लागलं.

ठमी म्हणाली, ठिगळाचे दोन तुकडे होते, एक बसला, एक नाही. उरलेला उद्या बसवते.

पिंगी टोकाला बसली होती, मी बाजूलाच. पापणी लवली असेल माझी. पोर तशीच बसलेली, पण गाल — गालावरचा तीळ नाही. वरचा ओठ नाकापर्यंत सपाट. तिला म्हटलं, ताई कुठे आहे ग. म्हणाली, कुठली ताई.

आवाज तिचाच. पण असा, जणू कुणी लांबून बोलतंय.

ठमी तिला घास भरवते आहे. हसते आहे. तिला काही दिसत नाही. आईला दिसत नाही — देवा, मी कुणाला सांगू.

बुधवार, दुपारी

ठमीला विचारलं, काढता येत नाही तर उलटं लावता येतं का. ती म्हणाली, येतं की. उलटं लावलं की घातलेलं निघतं आणि काढलेलं परत येतं. पण क्रमानं उलटं यायचं, शेवटचं आधी, पहिलं शेवटी.

पहिलं.

पहिलं कधी लागलं? ज्या सोमवारी मी बेल वाजवायला हात उचलला आणि आतून ती म्हणाली —

आखूड पलंग. थोरलीसाठी शिवलेला झगा. माझ्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, उंची मोजायच्या. दोन पोरींच्या. मी रोज बघते आणि रोज विसरते. पिंगीची ताई मनातली नव्हती.

मी माझं गाव आठवायला बसले. नदी होती का? घराला पायऱ्या होत्या का? ठमीच्या आज्ज्याच्या नावानं एवढे टोमणे मारते, त्याचं तोंड आठवून बघितलं.

साबणाची वडी.

आरशात अजून पाहिलं नाही. पाहणार नाही.

बुधवार, संध्याकाळी

पाहिलं.

मधल्या दारातली बाई मला का ओळखते ते कळलं.

सगळं मलाच का आठवतं तेही. मी कापडातली नाहीच. मी ठिगळातली. कुठे काय फाडलं ते ठिगळाला नाही तर कुणाला माहीत.

गुरुवार, सकाळी

मला जायचं नाही. उगाच कशाला खोटं लिहू. मी काही देवमाणूस नाही. मला चहा आवडतो, ऊन आवडतं, ठमीला बोल लावायला आवडतं. हे सगळं खोटं आणि उसनं असलं तरी चव खरीच लागते.

पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज पिंगी गेली तर उद्या ठमी. आणि हे आज जगभर सोडायचं म्हणजे किती घरं. किती फळ्या. किती पलंग.

ठमीशेजारी जाऊन बसले. म्हटलं, तुला कारण हवं ना? मी देते. ती थकून हसली. म्हटलं, लिही त्या कोऱ्या जागेत. एकटीला सोबत हवी होती म्हणून एक म्हातारी घातली. तिच्यापायी घरातलं लेकरू गेलं. आता गरज नाही. लिही, आणि सगळं उलटं घे.

ती म्हणाली, आज्जी, असं कुणी लिहितं का. मी म्हटलं, नियम तुमचा आहे, माझा नाही. कारण मागितलंत, मिळालं. पिंगीकडे बघ एकदा. नीट बघ. तिच्या गालावर काय होतं ते सांग.

ठमी बघत राहिली. बराच वेळ. मग नाक खाजवलं आणि म्हणाली, काही नव्हतं. आणि रडायला लागली, का ते तिलाच कळेना.

तिनं लिहिलं.

गुरुवार

खोलीत येऊन बसले आहे. आखूड पलंगावर. बाहेर ठमीची बोटं चालू आहेत. एकेक उलटं घेते आहे.

पिंगी ओरडली. माझा तीळ, म्हणाली. नाही, माझी बाहुली. दोन्ही असेल.

ठमीचा फोन वाजला. ती मोठ्यानं बोलते आहे, दादा, किती दिवसांनी! दाढीवाला असणार.

खडखडाट. शिंपीण मशीनवर बसली. घरात माणूस आहे हे कळावं तर असा —

स्वयंपाकघरात कुणीतरी निळं झाकण उघडलं. इथून दिसत नाही, मला माहीत आहे.

आता एकच राहिलं. ठमी थांबली आहे. ती आज्जी म्हणून हाक मारते आहे. मी ओ देत नाही. दिली तर ती थांबेल. थांबू नको ग. दाब.

बोटं पातळ झाल्यासारखी — पेन धरता येत नाही नीट. पलंगाखाली चपला आहेत. छोट्या, लाल पट्ट्यांच्या. आत्ता नव्हत्या.

दारात थोरली पोरगी उभी आहे. उंच झाली आहे रेघांपेक्षा. ठमी तिच्या मागे येऊन तिचे केस सारखे करते आहे, विचारते आहे, कुठे होतीस ग इतका वेळ. माझ्याकडे दोघींची नजर आहे, पण नजर पार भिंतीवर जाते.

पोर दप्तर टाकून आत येते आहे. थेट पलंगावर बसायला. मी म्हणते, अग पोरी, बघून बस जरा, इथे मी —